खळीनं चिकटवलेली कार्डं

११ नोव्हेंबर, मंगळवार

नाही म्हणायचं ठरवलं होतं. आरशासमोर सरावसुद्धा केला होता — "आता काम घेत नाही, अंगठा दुखतो." बेल वाजली. दारात एक मुलगी, तिच्यामागे तिचे वडील, त्यांच्यामागे पत्र्याची ट्रंक घेतलेला ड्रायव्हर. तिघंही तीन जिने चढून धापा टाकत होते. लिफ्ट आठ दिवस बंद आहे. पाणी दिलं. आणि एकदा पाणी दिलं की पुण्यातसुद्धा माणूस निम्मा हो म्हणून बसतो.

वारज्याची मंडळी. मुलगी तनुजा, आयटीत आहे. वडील रणजितराव. पूर्वी शेती होती, आता त्याच शेतावर सहा इमारती. त्यांचे वडील आप्पासाहेब जाऊन पंचवीस वर्षं झाली. "बेचाळीसला येरवड्याच्या तुरुंगात होते, मॅडम. वय वर्षं सोळा!" चौदा डिसेंबरला घराजवळच्या चौकाला आप्पासाहेबांचं नाव द्यायचंय. मांडव, पाटी, भाषणं. त्या दिवशी त्यांच्या वस्तू नीट पेटीत मांडून दाखवायच्या आणि मग पिढ्यान्‌पिढ्या जपायच्या.

"पेन्शनसुद्धा कधी मागितली नाही हो त्यांनी. शब्दच काढू द्यायचे नाहीत त्याचा. इतके निःस्वार्थी!"

ट्रंकेत एक गुलाबी फेटा — प्लास्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्यांसकट. चष्मा, एका काडीला दोरा गुंडाळलेला. बैलाची घुंगुरमाळ. एक फोटो. आणि पोस्टकार्डांची वीट! वीटच. वीस-पंचवीस कार्डं एकमेकांना घट्ट चिकटलेली.

"ओल लागली असणार," रणजितराव म्हणाले. "तुरुंगातून घरी लिहिलेली आहेत. एक जरी निघालं तरी मोठं करून फ्लेक्सवर लावतो."

जुन्या कागदपत्रांच्या संस्थेत तीस वर्षं मी हेच केलं. चिकटलेले कागद सोडवले, फाटलेले सांधले. निवृत्तीनंतर चार वर्षं घरी बसून लोकांच्या वस्तूंना मापाच्या पेट्या करतेय. वीट हातात घेतली आणि तोंडातून "बघते" निघून गेलं.

कादंबरीला फोनवर सांगितलं. लेक माझीच. म्हणाली, "आई, तू शेवटचं काम किती वेळा करणार आहेस?"

१४ नोव्हेंबर

मापं घेतली. फेटा पिशवीतून काढून गॅलरीत सावलीत ठेवला, डांबरगोळ्यांचा वास काही जात नाही. घडीवर जुना घाम आहे, तो धुवायचा नाही. रणजितरावांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अहो मॅडम, ड्रायक्लीन करून आणू का?" नको म्हटलं.

आम्ल नसलेला पुठ्ठा शिल्लक आहे, तेवढा पुरेल. घुंगुरमाळेला वेगळा कप्पा. पितळ कापडाला लागता कामा नये, हिरवं पडतं.

अंगठ्याला मलम.

१७ नोव्हेंबर, सोमवार

झाकणाच्या ट्रेमध्ये तळाला ओला टिपकागद, वर जाळी, जाळीवर वीट. घाई करायची नाही. कागदाला स्वतःहून सैल व्हावंसं वाटलं पाहिजे. दुपारभर पडून राहिले. उठून पुन्हा बघितलं. कडा जराशा नरम.

१८ नोव्हेंबर

ओल नाही. खळ आहे!

सकाळी पहिलं कार्ड पातळ पट्टीनं सुटं झालं. मागं पांढरट थर, बोटाला लागला तो बुळबुळीत. कणकेची खळ. तीस वर्षं ढवळली आहे मी, मला कोण फसवणार? चारी कोपऱ्यांना आणि मध्ये, बोटानं पुसलेली. बोटाचे ओरखडेसुद्धा दिसतात. आणि खळीला हिरवट झाक. म्हणजे मोरचूद घातलंय, कसर लागू नये म्हणून. जुने बाइंडर घालायचे.

म्हणजे ही कार्डं कुणीतरी मुद्दाम, बसून, एकेक करून चिकटवली. ती कुणी वाचू नयेत म्हणून. पण किड्यांनी खाऊ नयेत, हेही बघितलं!

पहिलं कार्ड साधंच होतं. "चि. सौ. मथुरेस अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. तांबडी गाय व्याली का ते कळव." अक्षर मोठं, शाळकरी. खाली तुरुंगाचा शिक्का. मला इतका आनंद झाला की फोटो काढून लगेच तनुजाला पाठवला. तिचे सात बदाम आले.

१९ नोव्हेंबर

दोन सुटली. पुन्हा गाय. विहीर. "मास्तरांच्या बाईंकडे वाचायला जात जा, खंड पाडू नकोस."

पहिल्या कार्डावरची तारीख आज नीट बघितली. तीन नऊ बावन्न. आधी वाटलं, चाराचा आकडा असेल. भिंग लावलं. पाचच आहे. पोस्टाचा शिक्काही बावन्नचा. आणि बेचाळीसचं कार्ड असतं तर त्यावर राजाचं डोकं छापलेलं असतं. ते नाहीच.

बावन्न साली येरवड्याला कोण स्वातंत्र्यसैनिक होतं?

२० नोव्हेंबर

सातवं कार्ड. इथं जसंच्या तसं उतरवते, कारण सकाळपासून डोक्यातून जात नाही —

"मी मारले असे कोर्टात सांगितले आहे. त्यात आता बदल नाही. सात वर्षे म्हणजे फार नाही. तू रडू नकोस. कोणी काही बोलले तर मान खाली घालू नकोस."

तेवढ्यावर थांबले. हात धुतले. चहा केला, तो तसाच राहिला.

लोकांची कागदपत्रं हाताळताना वाचायचं नाही, असं आम्हाला संस्थेत शिकवलं होतं. अक्षर बघायचं, मजकूर नाही. तीस वर्षं बऱ्यापैकी पाळलं. आता बासष्टाव्या वर्षी ही वेळ. चौकाला नाव द्यायला निघालेत आणि माणूस खून करून सात वर्षं आत होता. सांगायचं कुणाला? माझं काम पेटी करण्याचं आहे.

खरं तर थकले आहे. शहाण्या बाईनं अंगठा पुढं केला असता आणि ट्रंक परत पाठवली असती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वारज्याला जाऊन आले. निमित्त केलं — फेटा कसा बांधायचे ते तनुजाच्या आजींना विचारायचंय, घडी त्या पद्धतीची ठेवू. तनुजा घरी होती, पण तिचा फोन सुरू झाला आणि ती वर गेली. बरं झालं.

मथुराबाई आजी नव्वदीच्या. लहानखुऱ्या, नऊवारी, डोळे लख्ख. मोठ्या बंगल्यात खालची खोली त्यांची. समोरच्या भिंतीवर आप्पासाहेबांचा फोटो, हार घातलेला. माझ्या हातांकडे आधी बघितलं त्यांनी.

"तूच का ती कार्डं सोडवनारी?"

"हो."

"सुटली?"

"सात सुटली."

"वाचलीस?"

खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं.

पदर मांडीवर नीट केला. मग म्हणाल्या, "मला वाटलं व्हतं, खळ पक्की हाय."

"पक्कीच होती. मोरचूद कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मास्तरनी. त्यांच्या घरी फाटकी पुस्तकं चिकटवायच्या, म्या बसून बघायची. रणजित चौथीत गेला, वाचाया लागला, तवा चिकटवली. चुलीत घालाया घेतली व्हती दोनदा. हात झाला न्हाई."

मग थोडं थोडं सांगितलं. शेताच्या बांधावरून भांडण. चुलत दीर. कुदळ लागली डोक्याला आणि जागीच गेला. आप्पासाहेब स्वतः चालत चौकीवर गेले. त्या तेव्हा सतरा वर्षांच्या, लग्नाला दोन वर्षं झालेली. एकोणसाठला सुटून आले. पुढं मुलगा झाला.

"आणि हे बेचाळीसचं?"

"म्या कवा म्हनले न्हाई. ह्येंनी बी न्हाई. पोरगं शाळंत सांगून आलं, आमचे आप्पा येरवड्याला व्हते. मास्तर नवा व्हता. त्यानं पोराची पाठ थोपटली, वर्गापुढं उभं क्येलं. घरी आला तो नाचतच! मग कसं न्हाई म्हनायचं, सांग. म्हातारी मानसं जानत व्हती, ती गप बसली. आता त्यातलं कुनी ऱ्हायलं न्हाई."

निघताना माझा हात धरला. "पुन्यांदा चिकटवून दे, बाई."

मी म्हटलं, मला चिकटवायला नाही येत आजी, सोडवायलाच येतं. पण कुणाला सांगणार नाही. शब्द दिला.

परतीच्या रिक्षात तो शब्द जड वाटत होता.

२४ नोव्हेंबर

पेटीचा आराखडा बदलला. फेट्याच्या ट्रेखाली आणखी एक तळ. वरून बघितलं तर कळणार नाही, एका कडेला कापडी फीत, ती ओढली तरच उघडतो. कार्डं तिथं राहतील. चिकटवलेली नाहीत, मोडलेली नाहीत, उजेडातही नाहीत. रणजितरावांना सांगायचं, एकच कार्ड वाचलं, बाकीच्यांचा लगदा झाला. गाईचं कार्ड वर ठेवायचं. तारखेच्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याच्या चौकटीची कड येईल.

स्वतःशीच हसले. तीस वर्षं कागद वाचवले, आणि शेवटच्या कामात त्यांचा लगदा झाला म्हणून सांगणार.

२६ नोव्हेंबर

बाकीची सोळा सुटली. एकूण तेवीस. वाचली नाहीत. खरंच नाहीत. पालथी ठेवून वाळवली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

अंगठा सुजलाय. तरी पेटीच्या चारी भिंती उभ्या राहिल्या. निळं कापड लावलं. हाडाच्या पट्टीनं कडा दाबताना डोळ्यांत पाणी आलं, दुखण्यानं. बाकी कशानं नाही.

कादंबरी येऊन गेली. पेटी सगळ्या बाजूंनी बघितली. मग म्हणाली, "सुंदर झालीय गं." एवढंच. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं मला बाणेरला राहायला ये असं म्हटलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

तनुजाचा फोन, दुपारी बाराला.

"काकू, मी तुमचा तो फोटो फ्लेक्सवाल्याला दिला होता. कार्डाचा. आत्ता त्याचा कॉल आला. म्हणतो, ताई, साल चुकलंय बहुतेक, बावन्न पडलंय — कंप्युटरवर बेचाळीस करून देऊ का?"

मी त्या फोटोचा विचारच केला नव्हता! आठवडाभर खोटा तळ शिवत बसले, आणि तारीख त्या पोरीच्या फोनमध्ये, मी स्वतःच पाठवलेली.

"काकू? चूक आहे ना ती?"

चूक आहे, एवढेच दोन शब्द होते. तोंडापर्यंत आले नाहीत.

"मी येते," ती म्हणाली.

आली. ऑफिस टाकून. मी म्हटलं, आधी आजींना विचार. "आजी मला सांगणार नाही, तुम्हाला माहितीय. काकू, प्लीज, खोटं नका बोलू माझ्याशी." कार्डं तिच्या आजोबांची. मी कोण अडवणारी? फीत ओढली. तिनं टेबलाशी बसून तेवीसच्या तेवीस वाचली. मी स्वयंपाकघरात उभी. भांडी घासलेलीच होती, पुन्हा घासली.

जाताना डोळे लाल. म्हणाली, "बाबा भाषण पाठ करतायत. फेटा बांधून फोटो काढलेत. मी त्यांना मांडवात उभं राहून खोटं बोलू कसं देऊ?"

मी म्हटलं, आजींना शब्द दिलाय.

"तुम्ही दिलाय. मी नाही."

बरोबर आहे तिचं.

३ डिसेंबर

रणजितरावांचा फोन. आवाज बसलेला.

"मॅडम, कार्यक्रम रद्द केलाय. पेटी पाठवू नका."

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. त्यांनी बोलू दिलं नाही. "त्रेसष्ट वर्षांचा आहे मी. शाळेपासून सांगत आलो. भाषणांत सांगितलं. माझ्या थोरल्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेत छापलंय हो! आणि माणूस भावाचा मुडदा पाडून आत गेला होता. तेही बांधासाठी. ती पेटी तुमच्याकडेच ठेवा, नाहीतर रद्दीत घाला. फेट्यासकट."

फोन ठेवला. मग लक्षात आलं, मी उभ्या उभ्याच ऐकत होते.

४ डिसेंबर

कादंबरी म्हणते, "तुझा काय संबंध, आई? तू नुसते कागद सोडवलेस." सगळे असंच म्हणतील. चिकटलेली होती तोवर ते घर उभं होतं. एका बाईनं पन्नासेक वर्षांपूर्वी खळ शिजवून, मोरचूद घालून बंदोबस्त केला होता. मी आले, टिपकागद ओला केला, आणि वर फोटो काढून पाठवला — माझ्या कामाचं कौतुक व्हावं म्हणून! दुसरं काही नाही. सात बदामांसाठी.

दिवसभर काही केलं नाही. पेटी टेबलावर. तयार. कुणाला नको असलेली.

६ डिसेंबर, शनिवार

न राहवून गेले. पेटी मांडीवर घेऊन रिक्षानं वारज्याला. रणजितराव बाहेर होते. तनुजानं दार उघडलं, थेट आजींच्या खोलीत नेलं.

भिंतीवर फोटो नव्हता. चौकोन तेवढा राहिलाय, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. आजी त्या चौकोनाकडे तोंड करून बसल्या होत्या.

"बाबांनी काढला," तनुजा हळूच म्हणाली. "गॅरेजमध्ये ठेवलाय. आजी तेव्हापासून नीट जेवत नाहीये."

मी पेटी त्यांच्यासमोर ठेवली. चुकले म्हटलं. शब्द दिला होता आणि पाळला नाही.

आजींनी झाकणावरून हात फिरवला. घुंगुरमाळ उचलून कानाशी नेली, हलवली. फेटा नुसता बघितला. मग मी फीत ओढून खालचा तळ दाखवला. तेवीस कार्डं, तेवीस पातळ कागदांच्या घड्यांत. त्यांनी पहिलं काढलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"चष्मा दे गं," तनुजाला म्हणाल्या.

वाचत बसल्या. ओठ हलत होते. पन्नासेक वर्षांत पहिल्यांदा वाचत होत्या! आम्ही दोघी उभ्या. चार-पाच कार्डं झाल्यावर मान वर केली. मला वाटलं, आता बोलतील. रागावतील. मी तयारीनं आले होते.

"गायीचं किती विचारायचे," एवढंच म्हणाल्या. मग तनुजाकडे वळून, "तुजा बाप ह्येन्ला काय म्हनला? मला नीट सांग. चोरू नगंस."

तनुजा रडायला लागली. "म्हणाले, अशा माणसाचं नाव मला लावायचीसुद्धा लाज वाटते."

आजींनी चष्मा काढला. कार्डं एकावर एक नीट लावली. मला म्हणाल्या, "तू जा आता, बाई. उन्हं व्हायच्या आत घरी पोच. पेटी ऱ्हाऊ दे."

घरी येऊन झोपले. पाठ, अंगठा, सगळंच.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी तनुजाचा फोन. काल दुपारी सगळे जेवायला बसले असताना आजी तेवीस कार्डं घेऊन टेबलाशी आल्या. रणजितरावांना म्हणाल्या, "लाज वाटायची तर माजी वाटून घे. कुदळ माज्या हातात व्हती. त्यो दीर माज्या अंगावर आला व्हता, शेतात कुनी न्हवतं. हे पळत आले तवर त्यो पडला व्हता. म्हनले, तू घरी जा, हात धू. तुजं नाव कुठं यायचं न्हाई. अन् चौकीवर गेले. सात वर्सं. कवा एका शब्दानं बोलले न्हाईत."

पुढचं तनुजाला नीट सांगता येईना. एवढंच कळलं — रणजितराव जेवणावरून उठले आणि आजींच्या पायाशी जमिनीवर जाऊन बसले. आणि आजींनी पहिलं कार्ड त्यांच्या हातात दिलं. मोठ्यानं वाच म्हणाल्या.